आधी निवड, मग किंमत, शेवटी परतफेड

बारावीचे निकाल लागले की जिल्ह्याजिल्ह्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्रे निघतात, आम्ही अधिकारी चार प्रोत्साहनाचे शब्द बोलतो. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्या मुलांचे काय झाले, हे मात्र आमच्यापैकी फारच थोडे जण विचारतात. शेतमजुराची, रिक्षाचालकाची, अंगणवाडी सेविकेची अभ्यासू मुले बहुधा दोनपैकी एका वाटेने जातात. एक तर एस.टी. स्थानकाजवळचे जे महाविद्यालय असेल तेथे नाव घालतात, मग ते त्यांच्या बुद्धीला पेलणारे असो वा नसो. किंवा एखाद्या दलालाच्या सांगण्यावरून अर्धा एकर गहाण टाकून अशा खासगी संस्थेत प्रवेश घेतात, जेथून मिळणाऱ्या पदवीला बाजारात मोल नसते. तिसरी वाट असते: आपल्या कुवतीला साजेसे आणि खिशाला परवडणारे महाविद्यालय. ती वाट देशात आहे. पण ती दाखविण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

ह्याचे कारण आमच्या बैठकांमध्ये ठरलेले आहे: पालक अडाणी, मुलांत न्यूनगंड, चौकशी करण्याची वृत्ती नाही. मला हे निदान मुळीच मान्य नाही. दोन किलो कांदा घेतानाही भाव आधी विचारणारा माणूस मुलाच्या शिक्षणाचा भाव विचारत नाही, असे कसे होईल? तो विचारतो, पण उत्तर मिळत नाही. आपल्या प्रवेशव्यवस्थेचा क्रमच उलटा आहे. ती गरीब विद्यार्थ्याला म्हणते, आधी निवड कर, मग किंमत कळेल, आणि परतफेड झालीच तर सर्वांत शेवटी होईल. श्रीमंताला ह्या क्रमाने काही फरक पडत नाही. गरिबाची मात्र निवडच त्यामुळे संपते.

उदाहरणे पाहू. २०१६ साली आय.आय.टी.चे पदवी अभ्यासक्रमाचे शुल्क वर्षाला ९० हजारांवरून २ लाख झाले. हा आकडा घरोघरी पोहोचला. त्याच निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच १ लाखाहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना शिकवणी शुल्क पूर्ण माफ झाले, आणि १ ते ५ लाख उत्पन्न असणाऱ्यांना दोन-तृतीयांश माफ झाले. हे मात्र पोहोचले नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पदवीच्या विद्यार्थ्याला उलट विद्यावेतन मिळत आले आहे. २००८ साली सुरू झालेल्या इन्स्पायर योजनेत, मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यासाठी वर्षाला ८० हजार रुपयांची तरतूद आहे. ज्याला शिक्षक व्हायचे आहे त्याच्यासाठी एन.सी.ई.आर.टी.च्या प्रादेशिक शिक्षण संस्था आहेत. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतात. आपल्या तालुक्यातील किती मुख्याध्यापकांना हे ठाऊक आहे, हे वाचकांनी स्वतःच विचारून पाहावे.

आता पात्रतेचे पाहू. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शिष्यवृत्तीला साडेचार लाख. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला आठ लाख, आणि त्यालाही जमिनीची व घराची वेगळी अट. आय.आय.टी.च्या शुल्कमाफीला एक आणि पाच लाख. एकाच कुटुंबाची गरिबी वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळ्या मापाने मोजली जाते आणि दर वेळी नवा दाखला मागितला जातो. केंद्रीय प्रवेशासाठी आर्थिक दुर्बलतेचा दाखला त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा हवा. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांत मुलाने परीक्षा द्यायच्या, संस्थांची चौकशी करायची, त्याच महिन्यांत त्याने तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहायचे.

ह्या उलट्या क्रमाचा शेवट कोठे होतो, हे २०२४ साली सर्वांनी पाहिले. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा स्वीकारण्यासाठी १७,५०० रुपये चार दिवसांत भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदत उलटली आणि जागा गेली. मुलगा अनुसूचित जातीचा होता, म्हणजे त्याला शिकवणी शुल्क माफच होते! ज्याच्याकडून शिकवणी शुल्क घ्यायचे नाही असे शासनाने ठरविले, त्याच्या आणि त्याच्या जागेच्या मध्ये शासनाचीच एक रक्कम उभी राहिली. शेवटी ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून त्याला अतिरिक्त जागा देववली. त्याबद्दल सर्वांनी आनंद व्यक्त केला. मला मात्र तो निकाल प्रशासनावरचा ठपका वाटतो. जे काम प्रवेशप्रणालीतील एका नियमाने व्हायला हवे होते, त्यासाठी राज्यघटनेचा १४२ वा अनुच्छेद खर्ची पडला.

ह्यावर सहकारी म्हणतात, योजना तर भरपूर आहेत. आहेत, आणि त्यांतील काही चांगल्याही आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, ती नेमकी ह्याचसाठी की प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला आगाऊ शुल्क भरावे लागू नये. पण खिडकीवर बसलेला लिपिक "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल" असेच सांगत असेल, तर त्या तरतुदीचा उपयोग काय? शिवाय केवळ शुल्क म्हणजे खर्च नव्हे. ह्याच योजनेत वसतिगृहात राहून व्यावसायिक पदवी घेणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये निर्वाहभत्ता आहे, म्हणजे महिन्याला १,१२५ रुपये. एवढ्यात कोणत्या शहरात दोन वेळची खानावळ मिळते, हे भत्ता ठरविणाऱ्यांनी सांगावे.

दुसरे उत्तर असते कर्जाचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण कर्ज हे निवडीनंतरचे साधन आहे. चुकीच्या महाविद्यालयासाठी सुलभ कर्ज देणे म्हणजे चुकीच्या गाडीत बसणाऱ्याला तिकिटासाठी उसने पैसे देणे होय.

तिसरे उत्तर, "सर्व माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे", हे मला सर्वांत अप्रामाणिक वाटते. खरोखर उपलब्ध आहे, आणि हीच तर शोकांतिका आहे. एन.आय.आर.एफ. मानांकनासाठी प्रत्येक सहभागी संस्था शासनाला कळवते की तिच्याकडे आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थी किती, पूर्ण शुल्कपरतावा किती जणांना मिळाला, ठरल्या मुदतीत पदवी किती जणांनी घेतली, नोकरी किती जणांना लागली आणि त्यांचे मध्यक वेतन किती. गरीब बापाला नेमके हेच हवे असते! पण ह्या माहितीतून आपण काय करतो, तर क्रमवारी लावतो, जिच्या जाहिराती संस्था महामार्गांवर झळकवतात. अमुक उत्पन्नाच्या, अमुक गुणांच्या मुलाला कोणती संस्था साजेशी आणि तेथे हातून किती पैसे जातील, हे त्या माहितीतून कोणी काढून देत नाही.

हे काम शासनाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणू नये. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली पहिले वसतिगृह उघडले, कारण खेड्यातला मुलगा शुल्कापेक्षा राहण्याखाण्यापाशी अडतो हे त्यांनी ओळखले होते. तमिळनाडूने २०२१ साली सरकारी शाळांतील मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत साडेसात टक्के जागा राखल्या आणि त्यांचे समुपदेशन, शिकवणी व वसतिगृह शुल्क शासनानेच भरण्याचे ठरविले. म्हणजे मुलाने आधी भरायचे आणि मग मागायचे, हा प्रश्नच ठेवला नाही.

माझ्या मागण्या चारच आहेत. पहिली, पसंतिक्रम भरण्याच्या पडद्यावर प्रत्येक जागेपुढे त्या विद्यार्थ्याच्या उत्पन्नगटानुसार शिष्यवृत्ती वजा जाता पडणारा, वसतिगृहासह पूर्ण खर्च दिसावा. दुसरी, एकच उत्पन्नदाखला, अकरावीत असतानाच तपासलेला, सर्व योजनांना चालावा. तिसरी, ज्याचे शुल्क माफ आहे किंवा शासन भरणार आहे, त्याच्याकडून जागा राखण्यासाठी एक रुपयाही आगाऊ घेऊ नये. चौथी, प्रत्येक तालुक्यात एका व्यक्तीला ह्या कामासाठी नावानिशी जबाबदार धरावे आणि सत्कार किती झाले ह्याऐवजी किती मुले योग्य ठिकाणी पोहोचली, ह्यावरून तिचे मूल्यमापन व्हावे.

ह्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते ती इतकीच कबुली, की गरिबाच्या मुलाला माहिती न मिळणे हा त्याचा अडाणीपणा नसून आमच्या कामातील कसूर आहे. ती कबुली द्यायची नसेल, तर निदान पुष्पगुच्छांवरचा खर्च तरी थांबवावा आणि त्यातून चार मुलांचे अर्जशुल्क भरावे.