आखूड केलेले भुयार

जाडजूड कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती आपण सर्वांनीच कधी ना कधी वाचलेली असते. पण खेळाची संक्षिप्त आवृत्ती? बुद्धिबळाची चार प्यादी कमी करून कोणी खेळ आटोपशीर केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. गेल्या आठवड्यात मात्र चार रात्री मी असाच एक छाटलेला खेळ खेळलो. त्याचे नाव 'मिनी-झॉर्क'.

या खेळात चित्र औषधालाही नाही. पडद्यावर फक्त मजकूर उमटतो : आपण एका पांढऱ्या घरासमोर उभे आहोत, जवळच एक टपालपेटी आहे. पुढे काय करायचे ते आपण लिहायचे. 'ओपन मेलबॉक्स' म्हटले की पेटी उघडते, आत एक पत्रक निघते. घरात शिरावे, कंदील आणि तलवार घ्यावी, सतरंजी बाजूला सारावी, तर खाली तळघराचे दार! तिथून भुयारांचे राज्य सुरू होते. त्यातली दौलत गोळा करून वर आणायची.

मूळ 'झॉर्क' १९७७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जन्मला. टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेब्लिंग या चौघांनी तो तिथल्या मोठ्या संगणकावर रचला. पुढे १९७९ मध्ये 'इन्फोकॉम' कंपनी निघाली. घरगुती संगणकात एवढा पसारा मावेना, म्हणून त्याचे तीन भाग केले. पहिला भाग १९८० साली आला. त्याच पहिल्या भागाला १९८७ मध्ये पुन्हा कात्री लागली, आणि 'मिनी-झॉर्क' तयार झाला. म्हणजे तुकड्याचाही तुकडा!

ही कात्री कशासाठी, तर कॅसेटसाठी. कमोडोर ६४ या संगणकाची स्मृती अवघी ६४ किलोबाइट. दिवाळीच्या सकाळी मोबाइलवर येणारे एखादे शुभेच्छाचित्रही बहुधा त्याहून जड असते! मूळ खेळ चकतीवर असे. यंत्र लागेल तेवढाच भाग चकतीवरून उचली, बाकीचा तिथेच राही. कॅसेटला ते जमत नाही. फितीवरचे मधलेच गाणे ऐकायचे तर ती किती मागेपुढे करावी लागे, हे ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे. तेव्हा कॅसेटवाल्यांसाठी सारा खेळ एकदमच स्मृतीत मावायला हवा होता. १९९० साली 'झॅप! ६४' या ब्रिटिश मासिकाने त्याची कॅसेट अंकाबरोबर भेट दिली, आपल्याकडे दिनदर्शिका देतात तशी.

मग काढले काय? कित्येक दालने गेली, काही कोडी गेली, वर्णने चार ओळींची दीड ओळीवर आली. मूळ खेळ ज्यांना पाठ आहे त्यांना त्या जागा रिकाम्या वाटत असतील. पण अंधार राहिला. दिव्यावाचून भुयारात पाऊल टाकले की खेळ बजावतो, इथे 'ग्रू' नावाचा प्राणी तुम्हाला खाईल. हा ग्रू दिसतो कसा, ते कोणीच पाहिलेले नाही.

आमचा नातू पडद्यावर राक्षस रोज डझनावारी मारतो. त्याला आधी हे सारे फिके वाटले. तिसऱ्या रात्री त्याने कंदील न पेटवताच खाली उतरून पाहिले. ती सूचना वाचली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाला, "आजोबा, आधी दिवा लावा ना!" हल्ली वही-पेन्सिल घेऊन तो भुयाराचा नकाशा काढतो आहे.

मी सौ.ला विचारले, "एवढे कापूनही खेळ जिवंत कसा राहिला?"

ती फराळाचे डबे भरत होती. म्हणाली, "वाड्यातून या दोन खोल्यांत आलो तेव्हा माळ्यावरचं सगळं गेलं. देव्हारा गेला का?"

शब्द कमी करताना घाबरणाऱ्या आम्हा लेखकमंडळींनी हे ध्यानात ठेवावे. ज्याने वाचणाऱ्याला स्वतः पाहावेसे वाटते, तेवढे राखले की पुष्कळ सोडता येते. २०२५ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने मूळ तिन्ही भागांची संगणकीय संहिता सर्वांना खुली केली. आता ते सारे विस्तृत भुयारही पाहीन. पण आधी हे छोटे पुरे करायचे आहे. दौलत अजून बरीच खाली आहे, आणि नातवाने नकाशाच्या कडेला दुसरा कागद चिकटवला आहे.