झोपेतले उत्पन्न आणि विक्रेत्याचा जमाखर्च

दिवाळीच्या स्नेहसंमेलनात नाट्यगीते संपून फराळाची ताटे लागेपर्यंतच्या अवकाशात, आपल्यापैकीच एका तरुण गृहस्थाने पडद्यावर रंगीत तक्ते दाखवून, लहान गावातले एखादे सेल्फ-स्टोरेज विकत घेणे हाच नोकरदार माणसाच्या पहिल्या गुंतवणुकीचा राजमार्ग होय, असे जे निरूपण केले, त्यातील 'झोपेत मिळणारे उत्पन्न' या शब्दांवर सभागृहात टाळ्या पडल्या. वार्षिक सभेत कागदी पत्रावळींच्या पावत्या मागणारी आणि खजिनदाराला घाम फोडणारी हीच मंडळी दहा-दहा लाख डॉलरांच्या मालमत्तेविषयी एकही प्रश्न न विचारता चकल्यांकडे वळली, याचा मला आलेला उबग अद्याप ओसरलेला नाही. सबब हा लेख.

गृहस्थाचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील एल कहोन येथे पब्लिक स्टोरेजचे पहिले केंद्र उघडले, त्यानंतरच्या अर्धशतकात हा धंदा देशभर पसरला, तो काही उगाच नव्हे. मृत्यू, घटस्फोट, बदली आणि वार्धक्यात घर लहान करणे, ही सामान हलविण्याची कारणे मंदी आली म्हणून थांबत नाहीत, आणि पत्र्याच्या त्या इमारतींत मध्यरात्री तुंबायला ना मोरी असते ना संडास. शिवाय आपल्या लोकांना या धंद्याची मोहिनी पडण्याचे एक खास आपल्याकडचे कारण आहे, आणि ते त्या तरुणाच्या तक्त्यांत कोठेच नव्हते. ज्यांच्या घरी पेठेत वाडा होता त्यांना १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा समजावून सांगायला नको. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल तेच प्रमाण मानण्याच्या त्या तत्त्वापायी आमच्या वडिलांना कौले चाळण्यासाठी लागणारा पैसाही भाड्यातून सुटत नसे. १९९९ चा नवा कायदा होऊन दरसाल शेकडा चार वाढीची मुभा मिळाली, तोवर वाड्याची मागची भिंत बसली होती. अशा घरात वाढलेल्या माणसाला, महिन्याच्या कराराने दिलेली, आगाऊ नोटीस देऊन जिचे भाडे वाढविता येते आणि जिच्यात कोणी राहतच नसल्यामुळे कब्जाचा प्रश्न उद्भवत नाही, अशी खोली म्हणजे मोक्षच वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु भाडेकरूचा जाच नाही, म्हणून मालकाला कष्ट नाहीत आणि कागदांत काही गोम नाही, असे अनुमान काढणे मात्र न्यायाला धरून नाही.

एका स्नेह्यांनी अलीकडे अशाच एका व्यवहाराचे दप्तर माझ्यापुढे ठेवले. जागा शिकागोपासून तीन-साडेतीन तासांवरच्या गेल्सबर्गजवळची. २००४ मध्ये तेथला मेटॅगचा रेफ्रिजरेटरचा कारखाना बंद पडला. २००० च्या शिरगणतीत ३३,७०६ असलेली वस्ती २०२० मध्ये ३०,०५२ वर आली. तरीही बीएनएसएफ रेल्वेचे मोठे यार्ड, नॉक्स कॉलेज आणि सभोवारची मक्याची व सोयाबीनची शेती यांच्या आधाराने गाव तग धरून आहे, आणि वस्ती घटते म्हणून तेथे स्टोरेज चालणारच नाही असा आग्रह मी धरणार नाही. गाव सोडणारा माणूसही जाताना कपाटे कोठे तरी ठेवूनच जातो.

स्नेह्यांना मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की विक्रेत्याने दिलेली भाडेकरूंची यादी हातात घेऊन रांगांमधून पायी फिरावे आणि कुलुपे मोजावीत. तसे आम्ही दोघे फिरलो. यादीत भाड्याने दिलेल्या एका दहा बाय दहाच्या युनिटापुढे गुडघाभर गवत माजले होते आणि वर सरकणाऱ्या पत्र्याच्या दाराच्या खालच्या पट्टीवर कोळ्याचे जाळे अखंड होते. दार उघडले तेव्हा आत मालकाचेच गवत कापण्याचे यंत्र आणि नाताळची सजावट निघाली. काही दारांच्या कड्यांत भाडेकरूच्या कुलपावर मालकाने आपले तांबडे कुलूप चढविले होते, म्हणजे आत माल आहे पण भाडे थकले आहे. दारे भरलेली असणे आणि पैसा वसूल होणे या दोन गोष्टी अलग आहेत, आणि तक्त्यावरचा शेकडा पंचाण्णवचा आकडा पहिल्या गोष्टीचा असतो.

पण खरे दुखणे याहून खोल आहे. आकडे सोयीसाठी गोल करून मांडतो. विक्रेत्याच्या जमाखर्चाप्रमाणे, आणि तो आम्ही बँकेच्या खात्याशी पडताळून घेतला, वर्षाचा वसूल १,२०,००० डॉलर, खर्च ३०,०००, शिल्लक ९०,०००. किंमत दहा लाख. म्हणजे उत्पन्न शेकडा नऊ. आता या खर्चात मालमत्ता कर किती, तर १२,०००. इलिनॉयमध्ये, कुक काउंटी वगळता, अशा मालमत्तेची आकारणी तिच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशावर होते, आणि कराचा दर त्या आकारणीवर शेकडा नऊ धरला, तर १२,००० डॉलर कराचा अर्थ इतकाच, की सरकारदप्तरी या जागेचा बाजारभाव आजवर चार लाखच धरलेला आहे. खरेदीखताबरोबर पीटॅक्स-२०३ नावाचे घोषणापत्र द्यावे लागते आणि त्यात विक्रीची किंमत नमूद करावी लागते. पुढच्या आकारणीच्या वेळी दहा लाखांचा आकडा आकारणी अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे असणार, हे उघड आहे. त्या आकड्यावर कर होतो ३०,०००. आणि यातली मेख अशी, की येथे एका वर्षाचा कर पुढील वर्षी भरावयाचा असल्यामुळे नव्या मालकाच्या हाती पहिली बिले येतात ती जुन्या आकारणीचीच, त्यामुळे पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून तो स्वतःवर खूश असतो. वाढीव बिल येते, तोवर विक्रेता फ्लोरिडात स्थायिक झालेला असतो.

दुसरी वगळलेली बाब म्हणजे श्रम. आमच्या सौभाग्यवती दरवर्षी घरचा फराळ विकतच्यापेक्षा निम्म्या खर्चात पडल्याचे सिद्ध करतात, कारण त्या हिशेबात त्यांच्या दोन हातांची मजुरी शून्य धरलेली असते. या विक्रेत्याचा जमाखर्चही त्याच पद्धतीचा आहे. हिवाळ्यात बर्फ तो स्वतः ढकलतो, भाड्याचा तगादा त्याची पत्नी फोनवरून लावते, आणि तुटलेल्या दाराची स्प्रिंग जावई येऊन बसवितो. नेपरव्हिलमध्ये राहून सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला हे सारे पैसे मोजून करवून घ्यावे लागेल. त्याचे मी वर्षाला १५,००० धरले, आणि ते कमीच आहेत.

आता शिल्लक पाहावी. ९०,००० मधून वाढीव कराचे १८,००० आणि श्रमाचे १५,००० गेले, उरले ५७,०००, म्हणजे शेकडा पाच पूर्णांक सात. साडेसात लाखांचे कर्ज शेकडा सात व्याजाने पंचवीस वर्षांच्या हप्त्यांनी घेतले, तर वर्षाचे हप्ते सुमारे ६३,६०० होतात. म्हणजे झोपेत मिळणारे उत्पन्न दरसाल साडेसहा हजारांचा खड्डा पाडते, आणि तो पगारातून भरावा लागतो.

मग द्यावी ती किंमत कोणती? येथे एक सोपी रीत आहे. किंमतीबरोबर कर हलतो, म्हणून तो खर्चात न धरता भाजकात धरावा. कर वगळून, पण श्रम धरून शिल्लक येते ८७,०००. आपल्याला हवे शेकडा नऊ, कर जातो किंमतीच्या शेकडा तीन, मिळून बारा. ८७,००० ला शेकडा बाराने भागले की ७,२५,००० येतात. ताळा घेऊन पाहावा: कर २१,७५०, उरले ६५,२५०, आणि ते ७,२५,००० चे बरोबर नऊ टक्के आहेत. पावणेतीन लाखांचा हा फरक एका भागाकारात दिसतो, आणि सभागृहातल्या इंजिनिअर आणि डॉक्टर मंडळींपैकी कोणीही तो पानाच्या कोपऱ्यावर करू शकले असते.

स्पर्धेविषयीही बोलायला हवे होते. लहान गावात जमीन स्वस्त असते, ही जशी घेणाऱ्याची सोय, तशीच ती शेजारच्या मक्याच्या शेताच्या मालकाचीही सोय आहे. त्याने पुढच्या वर्षी तेथे पत्र्याच्या चार रांगा उभ्या केल्या, तर वरचा सगळा हिशेब फाडून टाकावा लागेल. आणखी एक गोष्ट माझ्या मुलीने काढली. थकलेल्या भाड्यापोटी येथल्या कायद्याने आतल्या मालावर मालकाचा हक्क चढतो आणि रीतसर नोटिसांची मुदत टळली की त्याचा लिलाव करता येतो, हे ऐकून ती म्हणाली, "बाबा, म्हणजे कोणाच्या तरी आजीचे फोटोही विकायचे?" व्यवहारात बरेच मालक अशा वस्तू परत देऊन टाकतात, असे मी तिला सांगितले; तिचे समाधान झाले नाही, आणि माझेही पुरते झालेले नाही, पण तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

सूर उपदेशाचा लागला असल्यास वाचकांनी क्षमा करावी. त्या तरुणाचा उत्साह मोडावा असा माझा हेतू नाही. आपल्यापैकी कोणी तरी बँकेतल्या ठेवींपलीकडे पाहतो आहे याचे मला कौतुकच आहे, आणि पुढील वर्षी त्याला पुन्हा बोलवावे, फक्त प्रश्नांसाठी अर्धा तास राखावा, एवढीच कार्यकारिणीला विनंती.

स्नेह्यांचा व्यवहार अजून मोडलेला नाही. ७,२५,००० ऐकून विक्रेता अपेक्षेप्रमाणे संतापला. पण आठवड्याने त्याने उलट निरोप धाडला, की किंमत दहा लाखच राहील, मात्र साडेसात लाख तो स्वतःच शेकडा पाच व्याजाने उधार ठेवील, सात वर्षे केवळ व्याज द्यावे आणि मग मुद्दल एकरकमी फेडावे. व्याज ३७,५०० होते. ५७,००० मधून ते वजा जाता १९,५०० उरतात, म्हणजे पदरच्या अडीच लाखांवर जवळजवळ आठ टक्के. प्रश्न सातव्या वर्षाचा आहे. त्या वेळी मुद्दल फेडण्यासाठी ज्या बँकेच्या दारात जावे लागेल, ती मालमत्तेचे मूल्य ५७,००० च्या शिलकेवरून ठरवील आणि दहा लाखांच्या खरेदीखताकडे बघणारही नाही. तेव्हा मुदत सातऐवजी बारा वर्षे मागावी, असे मी सुचविले आहे. स्नेही दहावर तयार आहेत. विक्रेत्याचे उत्तर यायचे आहे.