वीज वाचली, पाऱ्याचे काय?

वीज कमी खाणारा दिवा पर्यावरणाला उपकारक असतो, हे समीकरण गेल्या दोन दशकांत देशभर रुजले. त्यात तथ्य निश्चितच आहे. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये शिरणाऱ्या विजेपैकी जेमतेम पाच टक्क्यांचा प्रकाश होतो, उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. साठ वॅटच्या बल्बइतका उजेड चौदा वॅटचा सीएफएल दिवा देतो. दररोज पाच तास वापर धरल्यास एका दिव्यामागे वर्षाला सुमारे ८४ युनिट वीज वाचते.

याच हिशेबावर केंद्र सरकारने २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' सुरू केली. जुना बल्ब जमा करून अवघ्या १५ रुपयांत सीएफएल घ्यावा आणि किमतीतील तफावत क्योटो कराराखालील कार्बन क्रेडिटमधून भरून काढावी, अशी तिची रचना होती.

मात्र प्रत्येक सीएफएलमध्ये साधारण तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. त्याची वाफ झाल्याशिवाय हा दिवा प्रकाशच देऊ शकत नाही. पारा मज्जासंस्था आणि मूत्रपिंडांना घातक आहे. पाण्यात गेल्यावर त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर होऊन तो माशांमार्फत मानवी शरीरात पोहोचतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेमागे हेच संयुग होते.

तरीही निव्वळ बेरीज-वजाबाकीत सीएफएलचीच बाजू वरचढ ठरत होती. भारतातील बहुतांश वीज कोळशापासून तयार होते आणि कोळशातही अल्प प्रमाणात पारा असतो. वीज वाचली की औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून बाहेर पडणारा पाराही घटतो.

ही बेरीज-वजाबाकी एक गोष्ट मात्र झाकून ठेवते. बचतीचा लाभ वीजग्राहकापासून वीज मंडळापर्यंत सर्वांना वाटला जातो, तर फुटलेल्या दिव्याचा धोका प्रामुख्याने कचरावेचकाच्या आणि भंगारवाल्याच्या वाट्याला येतो. दिवे घरोघरी पोहोचवण्याची यंत्रणा उभी राहिली, पण निकामी दिवे परत गोळा करण्याची यंत्रणा त्या तोडीची कधीच झाली नाही. पारायुक्त दिव्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे ई-कचरा नियम २०१६ मध्ये आले. तोपर्यंत असंख्य सीएफएल घरातील ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबरच गेले होते.

दरम्यान एलईडीने चित्र पालटले. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. तिच्यासाठी सरकारी कंपनीने केलेल्या घाऊक खरेदीत एका दिव्याची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली. योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. एलईडीत पारा नाही आणि तेवढ्याच प्रकाशाला नऊ वॅट पुरतात. पाऱ्यावरील मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. करारातील देशांनी २०२२ आणि २०२३ च्या परिषदांत फ्ल्युरोसेंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले.

त्यामुळे प्रश्न संपला, असे मानणे घाईचे होईल. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक परिपथ, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक असते. दिव्यातील प्रकाश देणारे घटक शाबूत असतानाही परिपथातील एखादा स्वस्त भाग जळतो आणि दुरुस्तीची सोय नसल्याने अख्खा दिवा फेकला जातो. उजेड स्वस्त झाल्याने तो गरजेपेक्षा जास्त वापरण्याकडेही कल वाढतो. रात्रभर जळणाऱ्या निळसर-पांढऱ्या प्रकाशाचा कीटक आणि पक्ष्यांच्या जीवनक्रमावर परिणाम होतो.

जुने सीएफएल आणि ट्यूबलाइट अद्याप अनेक घरांत आहेत. असा दिवा फुटल्यास खिडक्या उघडून खोली काही वेळ रिकामी ठेवावी, केरसुणी न फिरवता जाड कागदाने तुकडे उचलावेत आणि बंद बरणीत वेगळे ठेवावेत. परंतु ती बरणी पुढे कोणाकडे द्यायची, याचे उत्तर सर्वसामान्य ग्राहकाला सहजासहजी मिळत नाही. वीजबचतीचे श्रेय घेणाऱ्या प्रत्येक योजनेने हे उत्तर दिवा हातात देतानाच द्यायला हवे होते. कोट्यवधी एलईडी निकामी होऊन कचऱ्यात येऊ लागतील, तेव्हा तरी ते तयार असावे.