त्वरेचे मोल

घरबसल्या खरेदी करणाऱ्या ग्राहकाचा कौल केवळ किमतीवर ठरतो असे मानणाऱ्यांनी माल घरी पोहोचण्याच्या मुदतीकडेही पाहावयास हवे. अमेरिकेत ॲमेझॉनने 2005 साली वर्षाकाठी 79 डॉलर वर्गणी घेऊन दोन दिवसांत माल पोहोचविण्याची हमी दिली, तेव्हा एकदा आगाऊ रक्कम भरून चुकलेल्या ग्राहकास दर जिन्नसामागे हशील मोजावे लागेनासे झाले, आणि साहजिकच त्याच दुकानाकडे पुनःपुन्हा वळण्याची त्याची प्रवृत्ती बळावली.

मुंबई-पुण्यात 2021 नंतर हीच मुदत, वस्तीलगतच्या लहान गोदामांच्या बळावर, दहा मिनिटांच्या दाव्यापर्यंत येऊन ठेपली. महिन्याच्या वाणसामानाची यादी करताना, फडताळातील डबे उघडून पाहून, डाळ अर्धा किलो कमी लिहून, खर्चाला जो आवर घातला जात असे, त्याला आता अवसरच उरत नाही. आले-कोथिंबीर मागविताना किमान रकमेची अट पुरी करण्यासाठी चॉकलेट अन् शीतपेयाची बाटलीही पिशवीत पडते.

औषधाची किंवा तान्ह्या मुलाच्या दुधाची निकड कोण नाकारील? परंतु साबणाची वडी सायंकाळी मिळाली तरी कोणाचे काही अडत नाही, आणि तिच्यापायी एखाद्या दुचाकीस्वाराने भर पावसात, लाल दिव्याची तमा न बाळगता, जीव धोक्यात घालावा हे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. कंपन्यांनी ‘उद्या चालेल’ हा पर्याय दर्शनी भागी ठेवावा, आणि तो पत्करणाऱ्यास दरात सवलत द्यावी.