निवेदन कुणाला देताय?



मे २०२५ मध्ये बातमी आली आणि आपले सगळे ग्रुप पेटले. सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे गेले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघडपणे नाराजी बोलून दाखवली. आपण काय केलं? जिल्हाधिकारी कार्यालयावर गेलो, निवेदन दिलं, फोटो काढला. त्या फोटोत मीही आहे.

पण जिल्हाधिकारी तो पैसा वळवत नाही आणि परतही आणू शकत नाही. तो पोच देतो आणि कागद वर पाठवतो.

खरं तर मे महिन्यात उशीर झालेला होता. विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय राज्याच्या तिजोरीतून रुपया निघत नाही. मार्चमध्ये विधानसभा खात्यांच्या मागण्या मंजूर करते, मग विनियोजन विधेयक येतं. लाडकी बहीणची तरतूद अनुसूचित जातींच्या घटकाखाली दाखवली गेली ती याच अर्थसंकल्पात. समर्थन काय, तर लाभार्थ्यांत आपल्याही बहिणी आहेत! अहो, त्या बहिणी राज्याच्या नागरिक नाहीत का? त्यांचे पंधराशे रुपये सर्वसाधारण तिजोरीतून का नकोत? मे महिन्यातल्या शासन निर्णयाने फक्त दाराची कडी काढली. २८८ जणांच्या विधानसभेत २९ आमदार अनुसूचित जातींच्या राखीव जागांवरून जातात. मार्चमध्ये त्यांच्यापैकी कुणी कपात सूचना दिली का, हे आपण एकालाही विचारलं नाही.

आणि मंत्र्यांच्या नाराजीवर फार भाळू नका. कलम १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. आत बसून सही करायची आणि बाहेर येऊन हळहळायचं, हे चालत नाही.

कोर्टात जाऊ, असं काही मित्र म्हणतात. जरूर जा. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, कोणता कायदा मोडला? इथे आपली गाडी अडते. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ठेवण्याचं धोरण १९७९ पासूनचं आहे, पण महाराष्ट्रात त्याला कायद्याचं हाड नाही. सगळा कारभार शासन निर्णयांवर. आज काढलेला शासन निर्णय उद्या दुसऱ्या शासन निर्णयाने फिरवता येतो, त्यासाठी सभागृहात कुणाचा हात वर व्हावा लागत नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदा केला, तेलंगणाने २०१७ मध्ये नवा केला. कायदा म्हणजे जादू नव्हे. कर्नाटकातही हमी योजनांसाठी हा निधी वापरल्यावरून रान उठलं. पण तिथे सरकारला कायद्याचं कलम दाखवून जाब विचारता येतो. आपल्या हातात निवेदनाची पोच.

वसतिगृहात नंबर न लागलेली पोरं भाड्याच्या खोलीत राहून स्वाधारच्या हप्त्याची वाट बघतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मेसवाल्याची उधारी वाढली म्हणून सत्र अर्धं सोडलं. त्याला तीन कार्यालयांनी एकच उत्तर दिलं, निधी आलेला नाही. निधी का आला नाही, हे त्या कार्यालयांनाही माहीत नसतं. ते मंत्रालयात वित्त विभागाच्या टेबलावर ठरतं.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेपुरतं ठेवलं. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे, म्हणजे प्रांताचा पैसा कुठून येतो आणि कोण खर्च करतो यावर. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात गेल्यावर त्याच महिन्यात ते अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. आपल्या किती शिबिरांत अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलं जातं?

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, दीक्षाभूमीच्या गावात. तिथे पुरवणी मागण्या येतात. त्याआधी आपापल्या आमदाराच्या घरी जा, राखीव असो वा खुला. तीन गोष्टी लेखी मागा: या निधीवर तारांकित प्रश्न, पुरवणी मागण्यांवर भाषण आणि उपयोजनेच्या कायद्यासाठी अशासकीय विधेयक. नाही म्हणाला तर तेही लेखी घ्या. फोटो त्या कागदाचा काढा.