दहा मिनिटांत आलं म्हणजे ताजं?

रात्री अकरा वाजता आपल्या होस्टेलच्या गेटवर एक चक्कर मारून बघा. दूध, ब्रेड, अंडी, दही, मॅगी... पिशव्यांची रांगच लागलेली असते! मेस बंद, कोपऱ्यावरचं दुकान बंद, पण मोबाइल चालू. सोय आहे यात वादच नाही. सबमिशनच्या रात्री मीसुद्धा मागवते. पण मित्रहो, दहा मिनिटांत आलेली वस्तू ताजी असतेच का?

दहा मिनिटं लागतात ती स्कूटरला. पाकिटाचं घड्याळ मात्र ते फॅक्टरीत पॅक झालं तेव्हाच सुरू झालेलं असतं.

आई दुकानात गेली की पुढचं पाकीट कधीच उचलत नाही. हात लांब करून मागचं काढते, तारीख वाचते आणि "काका, कालचा ब्रेड नको, आजचा द्या" असं सरळ सांगते. अ‍ॅपवर तो हात चालत नाही. तिथे दिसतो फक्त फोटो, आणि फोटो कधीच शिळा होत नाही!

ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये आपण 'फीफो' शिकतो, आधी आला तो आधी बाहेर. गोदामात त्याचा भाऊ असतो 'फेफो', म्हणजे ज्याची मुदत आधी संपणार तो आधी बाहेर. लॉजिक बरोबरच आहे, माल वाया जात नाही. पण त्याचा अर्थ असा, की रॅकवरचं सगळ्यात कमी आयुष्य उरलेलं पाकीट आपल्या वाट्याला येणार. आणि हे करायचं तर कॉम्प्युटरला प्रत्येक बॅचची तारीख माहीत हवी. मग तीच तारीख ऑर्डर देण्याआधी आपल्या स्क्रीनवर दाखवायला काय हरकत आहे?

ही मागणी काही जगावेगळी नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रीच्या वस्तूची एक्स्पायरी डेट ग्राहकाला दाखवण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने कंपन्यांना सांगितलं, की घरी पोचताना मालाचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. आता हिशोब करा. ब्रेड ५ दिवस टिकत असेल तर ३० टक्के म्हणजे फक्त दीड दिवस! एकट्या मुलाने अख्खा ब्रेड दीड दिवसात कसा संपवायचा? म्हणून टक्केवारी पुरत नाही, तारीख दिसायला हवी.

आणि नियम कागदावर असून भागत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र एफडीएने धारावीतल्या एका डार्क स्टोअरचा परवाना निलंबित केला. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी आढळली होती आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा ठेवलेला नव्हता.

पण सगळा दोष कंपनीला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ५ ते ६० डिग्री सेल्सिअसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपली दुधाची पिशवी वॉचमनकाकांच्या टेबलावर दुपारभर पडलेली असते. प्रॅक्टिकल संपेपर्यंत तिचं काय होत असेल? रेक्टर सरांना विनंती आहे, गेटजवळ एक छोटा फ्रिज ठेवता आला तर फार बरं होईल.

तोपर्यंत निदान एवढं करू या. पिशवी गेटवरच उघडायची, तारीख वाचायची. 'बेस्ट बिफोर' उलटली तर चव-दर्जा उतरलेला असू शकतो, पण 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' उलटली तर ते खायचंच नाही. फोटो काढून लगेच तक्रार करायची. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

चाळीस रुपये गेले म्हणून आपण गप्प बसतो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री पोट बिघडलं, तर तो पेपर कोणतीही कंपनी रिफंड करत नाही!