डिझाइन 'पास' करून घ्यायची युक्ती

परवा संध्याकाळी एका मुलाचा फोन आला. आमच्या नात्यातलाच. पैठण रस्त्यावर चितेगावात एका छापखान्यात नुकताच कामाला लागलाय. लेबलं, खोकी, पिशव्यांचं डिझाइन करतो. वैतागलेला होता. म्हणाला, "काका, चार वेळा लेबल बदलून दिलं, तरी शेठ नाहीच म्हणतात. डिझाइन पास करून घ्यायची काही युक्ती असेल तर सांगा ना."

युक्त्या आहेत. या रस्त्यावर वीस वर्षं हाच धंदा केला, त्यामुळे सगळ्या पाठ आहेत. तीन नमुने न्यायचे. एक आपल्याला हवा तो, एक बरा आणि एक मुद्दाम भिकार. भिकार बघून शेठ हसतात, मग हवा तो पुढे सरकवायचा. दुसरी युक्ती, एक चूक मुद्दाम ठेवून द्यायची. साहेबांनी ती पकडली की त्यांना आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि बाकीचं सुटतं. तिसरी, साहेबांच्या गाडीचा रंग बघून ठेवायचा. हसू नका, ही सगळ्यात जास्त चालते.

पण त्या मुलाला मी यातलं काहीच सांगितलं नाही. उलट फोनवरच त्याच्यावर डाफरलो. नंतर वाईट वाटलं. राग त्याच्यावर नव्हताच, 'पास' या शब्दावर होता.

तर त्या शब्दाची गोष्ट.

२०१२ च्या आसपास एका कंपनीचं लेबल माझ्याकडे आलं. कपाशीवर फवारायच्या औषधाची छोटी बाटली. मी आपलं नीट काम केलं होतं. पंपाला किती टाकायचं, फवारताना काय काळजी घ्यायची, विषबाधा झाली तर काय करायचं, हे सगळं समोर, वाचता येईल एवढ्या अक्षरात. मालकांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, "नाव मोठं करा. आणि हा मजकूर काय एवढा? मागे टाका." मी 'हो साहेब' म्हणालो आणि तिथेच बसून कोरल ड्रॉमध्ये बदललं. नाव वाढलं, पिवळ्याधमक कपाशीचं चित्र आलं, मजकूर मागच्या बाजूला जोडाशेजारी चिमटून बसला. दहा मिनिटांत पास! चहा आला. घरी येताना गाडीवर मी गाणं म्हणत होतो, हे मला आजही आठवतं.

पुढच्या हंगामात मामाच्या शेतावर गेलो तर बांधावर तीच बाटली. मामा झाकणाने औषध मोजत होता. मला म्हणाला, "वाच रं जरा, पंपाला किती लिवलंय. मला चष्मा लावूनबी दिसंना." मी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उन्हात तिरकी केली. मलाही वाचता आलं नाही. ते लेबल मी केलेलं होतं! मामाला हे सांगायची हिंमत झाली नाही. तो म्हणाला, "जाऊ दे, दुकानदारानं दोन झाकणं सांगितलीत."

त्या दिवशी काही झालं नाही. पण २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कारणं अनेक होती. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, अंगावर काही संरक्षण नाही, औषधांची मिश्रणं. लेबल हे एकटं कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या बातम्या वाचताना मला सारखी मामाच्या हातातली बाटली दिसत होती.

त्या लेबलावर एक गोष्ट मात्र शाबूत राहिली होती. तिरका चौकोन. औषध किती विषारी आहे हे लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या रंगाने सांगणारा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी त्याला लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा राखून दिलाय. मालकांनी तो लहान करायला सांगितला नाही, कारण सांगून उपयोगच नव्हता. चौकोनाची बाजू घ्यायला कायदा होता. मात्र पंपाला किती टाकायचं, त्या ओळीची बाजू घ्यायला त्या खोलीत एकच माणूस होता. तो 'हो साहेब' म्हणाला.

आता आमचे धंद्यातले मित्र म्हणतील, पैसे शेठ देतो, मग त्याचं ऐकायला नको? ऐका की. पण शेठ पैसे कशाचे देतो? त्याला जे दिसतं तेच काढून द्यायचं असेल तर त्याचा पुतण्याही कॉम्प्युटरवर बसू शकतो. त्याला जे दिसत नाही ते दाखवण्याचे पैसे आपण घेतो.

दुसरा गट त्याहून अवघड. कॉलेजातून ताजे आलेले. यांना पॉल रँड पाठ असतो. १९८६ साली स्टीव्ह जॉब्जने नेक्स्ट कंपनीच्या चिन्हासाठी त्याला एक लाख डॉलर दिले, दोनचार पर्याय मागितले, तर रँड म्हणाला पर्याय नाहीत, एकच देईन. व्वा! ही गोष्ट सांगताना पोरांची छाती फुगते. पण रँडने चिन्हाबरोबर एक पुस्तिकाही दिली होती आणि आपण या निर्णयापर्यंत कसे आलो हे तिच्यात पायरीपायरीने मांडलं होतं, हे कुणी सांगत नाही. नुसता 'नाही' म्हणणं हा माज झाला. का नाही, हे समजावणं हे काम. आणि खरं सांगायचं तर चितेगावात रँडचा रुबाब चालणार नाही. आपण नाही म्हटलं तर शेजारच्या गाळ्यातला दोन हजार कमी घेऊन करून देतो.

लोगो मोठा करण्यावरून बैठकीत तासन् तास जातात, त्याचंही मला नवल वाटतं. याच गावात व्हिडिओकॉनचा कारखाना. २००९ साली त्यांनी चिन्ह बदललं, नवं हिरवं चिन्ह आलं, गाजावाजा झाला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. चिन्हाने कंपनी बुडाली नाही, तसं चिन्हाने तरलीही नाही.

उलट रुपयाचं चिन्ह बघा. १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने उदय कुमार यांचं चिन्ह मंजूर केलं. ती कागदावरची मंजुरी. खरी मंजुरी भाजीवाल्याने ते खडूने पाटीवर काढलं तेव्हा मिळाली. तो कुठल्याच बैठकीला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'साहेब, कुठला आवडला?' हा प्रश्नच विचारू नका. आवडीवर प्रश्न विचारला की उत्तरही आवडीचंच येणार. लेबल खऱ्या मापात छापा, बाटलीला चिकटवा, साहेबांना घेऊन ऑफिसबाहेर उन्हात या आणि गेटवरच्या वॉचमनला वाचायला द्या. तो अडखळला की साहेबांना तुमच्या भाषणाची गरज उरत नाही. मी नंतर हेच करायला लागलो. दोन गिऱ्हाइकं गेली, हेही सांगतो. एका मालकांनी मात्र वॉचमनच्या हातातून बाटली घेतली, स्वतः वाचून पाहिली आणि म्हणाले, "माझ्या वडिलांनाही दिसणार नाही हे." त्यांनीच नाव लहान करायला सांगितलं. वीस वर्षांत हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

असो. त्या मुलाला उद्या फोन करणार आहे. आधी डाफरलो त्याबद्दल सॉरी म्हणेन. मग विचारेन, ते चार वेळा बदललेलं लेबल तू स्वतः बाटलीला लावून वाचलंस का रे?